अफूजन्य व्यसनातून सावरणे आणि परिचर्या व्यवसाय : अमेरिकेतील अनुभवाचा अभ्यास

प्रस्तावना

रुग्णाच्या वेदना शमविणाऱ्या औषधांच्या कपाटाची किल्ली ज्या हाती असते, त्याच हाताला त्या औषधाचे व्यसन जडले तर काय करावे, हा प्रश्न परिचर्या व्यवसायासमोर दीर्घकाळ उभा आहे. अमेरिकेत मात्र गेल्या तीन दशकांत त्याचे स्वरूप अधिक तीव्र झाले. १९९६ मध्ये ऑक्सिकोन्टिन हे वेदनाशामक तेथील बाजारात आले. त्याच्या व्यसनकारक गुणधर्माविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा उत्पादक समूहातील कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात मान्य केला. तोपर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्यांपासून हेरॉइनकडे आणि पुढे फेंटानिलकडे जाणारी वाट रुळली होती. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे एक लाख आठ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ८२ हजार मृत्यूंमध्ये अफूजन्य द्रव्यांचा सहभाग होता. पुढील काळात ही संख्या घटली असली, तरी व्यसनातून बाहेर पडून शिक्षणाकडे व नोकरीकडे वळणाऱ्यांचा प्रश्न शिल्लकच आहे.

अशा व्यक्तींपैकी काहींना परिचर्येचे शिक्षण घ्यावयाचे असते, तर काही आधीपासूनच परिचारिका वा परिचारक असतात आणि त्यांना आपला परवाना टिकवायचा असतो. त्यांच्यापैकी अनेकजण ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे वैद्यकीय सल्ल्याने घेत असतात. ही औषधे स्वतःच अफूजन्य वर्गातील आहेत. मग औषध चालू असलेल्या व्यक्तीला ‘व्यसनमुक्त’ म्हणावे की नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरावर अनेकांचे व्यावसायिक भवितव्य, आणि काही वेळा जीवितही, अवलंबून राहिले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अफूजन्य व्यसन आणि शारीरिक अवलंबित्व या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२. औषधाधारित उपचारांची कार्यपद्धती व परिणामकारकता समजून घेणे.
३. सावरणाऱ्या परिचारिकांबाबत अमेरिकेत विकसित झालेल्या नियामक व्यवस्थेचा आढावा घेणे.
४. औषधोपचार चालू असताना व्यवसाय करण्यासंबंधीच्या वादाचे परीक्षण करणे.
५. भारतीय महाविद्यालयीन संदर्भात या अनुभवातून काय घेता येईल, याचा विचार करणे.

संकल्पना स्पष्टीकरण

अफूच्या बोंडापासून मॉर्फिन व कोडीन मिळतात. हेरॉइन व ऑक्सिकोडोन ही नैसर्गिक घटकांवर रासायनिक प्रक्रिया करून तयार होतात. फेंटानिल व मेथाडोन ही पूर्णतः कृत्रिम आहेत. ही सर्व द्रव्ये मेंदूतील ‘म्यू’ नावाच्या ग्राहीकेंद्रांवर कार्य करतात. त्यामुळे वेदना कमी होते, सुखद संवेदना निर्माण होते आणि मात्रा वाढल्यास श्वसन मंदावते. अतिमात्रेतील मृत्यू बहुधा श्वसन थांबल्यामुळे होतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळणे आवश्यक आहे. अफूजन्य औषध सलग काही आठवडे घेणाऱ्या कोणत्याही व्यक्तीच्या शरीराला त्याची सवय होते. ते अचानक बंद केल्यास अंगदुखी, जुलाब, घाम, निद्रानाश अशी लक्षणे दिसतात. हे शारीरिक अवलंबित्व होय. व्यसनाची व्याप्ती याहून निराळी आहे. द्रव्याची अनावर ओढ, सेवनावरील सुटलेले नियंत्रण, हानी दिसत असूनही चालू राहणारे सेवन, कर्तव्ये व नाती यांकडे होणारे दुर्लक्ष ही व्यसनाची लक्षणे आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या विकाराचे अकरा निकष दिले आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य रीतीने औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत सहनक्षमता वाढणे आणि औषध थांबविल्यावर त्रास होणे, हे दोन निकष गृहीत धरू नयेत, असे ती पुस्तिका स्पष्टपणे सांगते. तसेच बारा महिने वा अधिक काळ ओढ वगळता अन्य निकष आढळले नाहीत, तर विकार ‘दीर्घ शमनावस्थेत’ असल्याचे मानले जाते. ही अवस्था औषधोपचार चालू असतानाही नोंदविता येते. म्हणजेच वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने औषध घेणे आणि सावरलेले असणे यांत विरोध नाही.

औषधाधारित उपचार

मेथाडोनचा उपचार म्हणून वापर १९६० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी सुरू केला. मेथाडोनचा परिणाम संथ व दीर्घकाळ टिकणारा असल्यामुळे नशेचा चढ-उतार थांबतो आणि रुग्णाचे दैनंदिन जीवन स्थिरावते. २००० मध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेत सामान्य दवाखान्यांतून असे उपचार देण्याची वाट मोकळी झाली आणि २००२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनला त्यासाठी मान्यता मिळाली. ब्युप्रेनॉर्फिन ग्राहीकेंद्राला घट्ट चिकटते, पण त्याला अंशतःच उत्तेजित करते. त्यामुळे ओढ शमते. मात्र ठरावीक मात्रेनंतर श्वसनावरील परिणाम फारसा वाढत नाही. शिवाय ग्राहीकेंद्र आधीच व्यापलेले असल्यामुळे वरून हेरॉइन घेतल्यास त्याचा प्रभाव बराच कमी होतो. नाल्ट्रेक्सोन हे तिसरे औषध ग्राहीकेंद्र पूर्णतः रोखते. ते अफूजन्य नसल्यामुळे नियामक मंडळांना त्याविषयी फारशी हरकत वाटत आलेली नाही.

या उपचारांची परिणामकारकता केवळ मतांवर अवलंबून नाही. स्वीडनमध्ये झालेला आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यात ४० हेरॉइनग्रस्त व्यक्तींचे दोन समान गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन देण्यात आले. दुसऱ्याला काही दिवसांत ते कमी करत बंद करून औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. वर्षअखेर पहिल्या गटातील ७५ टक्के व्यक्ती उपचारात टिकून होत्या. दुसऱ्या गटात एकही टिकली नाही आणि त्यातील चौघांचा मृत्यू झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अतिमात्रेतून वाचलेल्या व्यक्तींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील बारा महिन्यांत अफूजन्य द्रव्यांमुळे होणारे मृत्यू मेथाडोन घेणाऱ्यांमध्ये ५९ टक्क्यांनी, तर ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांमध्ये ३८ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. औषध बंद केल्यावर शरीराची सहनक्षमता घटलेली असते. अशा वेळी पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा सेवन झाले, तर ते प्राणघातक ठरते. म्हणूनच ‘नोकरी हवी असेल तर औषध सोडा’ ही अट वरवर शिस्तीची वाटली, तरी तिच्या पोटी मृत्यूचा धोका दडलेला असतो.

परिचर्या व्यवसायातील विशेष परिस्थिती

परिचारिकांमध्ये व्यसनाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा फार वेगळे असल्याचे दिसत नाही. अमेरिकेतील नऊ राज्यांत केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ६.६ टक्के नोंदणीकृत परिचारिका द्रव्यसेवन विकाराच्या चाचणीत सकारात्मक आढळल्या. तथापि या व्यवसायातील धोक्याचे स्वरूप निराळे आहे. रात्रपाळी, पाठदुखी, सततचा मानसिक ताण आणि मृत्यूचे सान्निध्य ही त्याची एक बाजू होय. औषधांची सहज उपलब्धता आणि त्यांच्या परिणामांचे ज्ञान ही दुसरी बाजू होय. ज्ञानामुळे आपण मात्रेवर नियंत्रण ठेवू शकू, असा भ्रम निर्माण होतो.

रुग्णालयातील औषध स्वतःसाठी वळविले जाते, तेव्हा त्याचे परिणाम केवळ त्या व्यक्तीपुरते राहत नाहीत. रुग्णाला वेदनाशामक अपुरे मिळते, नोंदी खोट्या होतात, वापरलेल्या सुईमुळे संसर्ग पसरू शकतो. म्हणूनच उरलेले औषध टाकून देताना दुसऱ्या परिचारिकेची साक्षीदार म्हणून सही घेणे आणि प्रत्येक मात्रेची नोंद ठेवणारी संगणकीय कपाटे वापरणे, अशा पद्धती रूढ झाल्या आहेत. परिचारिकेविषयी सहानुभूती बाळगताना रुग्णाची सुरक्षितता दुय्यम मानता येत नाही. या संपूर्ण चर्चेची ती मर्यादा आणि तोच तिचा पायाही आहे.

दंडाकडून देखरेखीकडे

पूर्वी व्यसन उघडकीस आल्यावर बडतर्फी व परवाना रद्द होणे हाच सामान्य मार्ग होता. त्याचा परिणाम असा झाला, की परिचारिका व्यसन लपवीत आणि सहकारीही दयेपोटी मौन पाळीत. लपविलेले व्यसन रुग्णांसाठी अधिक घातक होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने शिक्षेपूर्वी उपचाराची संधी द्यावी, अशी भूमिका घेतली. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, फ्लोरिडा राज्यात परिचारिकांसाठी स्वतंत्र हस्तक्षेप प्रकल्प सुरू झाला. पुढे बहुसंख्य राज्यांनी शिस्तभंगाच्या कारवाईला पर्याय ठरणारे कार्यक्रम उभारले. नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग या संस्थेने २०११ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली.

राज्यागणिक तपशील बदलत असले, तरी या कार्यक्रमांची घडण साधारणतः सारखी असते. सहभागी परिचारिका बहुधा तीन ते पाच वर्षांचा करार करते. तिला दररोज संगणकावर वा दूरध्वनीवर हजेरी द्यावी लागते. ज्या दिवशी तिची निवड होईल, त्या दिवशी मूत्रचाचणी करून घ्यावी लागते. चाचणीचा खर्च बहुतेक वेळा तिलाच सोसावा लागतो. आधारगटाच्या बैठका आणि कामाच्या ठिकाणी नेमलेल्या पर्यवेक्षकाचे नियतकालिक अहवाल बंधनकारक असतात. प्रारंभीचे काही महिने नियंत्रित औषधे हाताळण्यास, रात्रपाळी करण्यास किंवा जादा तास काम करण्यास मनाई असते. अशा कार्यक्रमांच्या फलिताविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांचा कालावधी, दैनिक हजेरी आणि महिन्यातून दोनदा अनपेक्षित चाचणी हे घटक यशाशी निगडित असल्याचे दिसून आले. थोडक्यात, व्यक्तीच्या वर्तनाची दीर्घकाळ केलेली वस्तुनिष्ठ तपासणी हा या व्यवस्थेचा कणा आहे.

विद्यार्थिदशेतील टप्पे

व्यसनातून सावरणारी जी व्यक्ती अद्याप परिचारिका झालेली नाही, तिला तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार महाविद्यालयाचे असते. प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांना रुग्णालयात पाठवायचे असल्याने गुन्हेविषयक पार्श्वभूमीची पडताळणी व द्रव्यचाचणी सर्रास घेतली जाते. नेहमीची अफूजन्य चाचणी मॉर्फिनवर्गीय द्रव्यांसाठी असते. ब्युप्रेनॉर्फिन त्यात सहसा आढळत नाही, त्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते. तरीही डॉक्टरांच्या चिठ्ठीची नोंद तपासणी करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आधीच देणे हिताचे ठरते. अशा अधिकाऱ्याने वैध चिठ्ठी पडताळल्यानंतर अहवाल सामान्यतः नकारात्मक मानला जातो.

दुसरे दार परवान्याचे. राष्ट्रीय परवाना परीक्षेस बसण्यापूर्वी राज्य मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात पूर्वीच्या दोषसिद्धीची माहिती द्यावी लागते. टेक्सास राज्यात पात्रतेविषयी शंका असलेल्या व्यक्तीला शिक्षणाच्या आरंभी किंवा त्यापूर्वीच मंडळाकडे अर्ज करून निर्णय मागता येतो. वर्षे व पैसा खर्ची पडल्यावर दार बंद असल्याचे कळण्यापेक्षा ही सोय निश्चितच मानवी आहे. माहिती लपविणे मात्र मूळ घटनेपेक्षा अधिक गंभीर मानले जाते.

तिसरे दार नोकरीचे. अनेक राज्यांत चालणारा सामायिक परवाना २०१८ पासून लागू असलेल्या सुधारित करारानुसार पर्यायी कार्यक्रमात सहभागी असलेल्या व्यक्तीला मिळत नाही. तिला एका राज्यापुरताच परवाना घेऊन काम करावे लागते. औषधांच्या कपाटापासून दूर असलेले काम, उदाहरणार्थ बाह्यरुग्ण विभाग, डायलिसिस केंद्र किंवा व्यसनोपचार केंद्र, सुरुवातीच्या काळात त्यामुळेच सोयीचे ठरते.

औषध चालू असताना परवाना : इंडियाना राज्यातील प्रकरण

या साऱ्या व्यवस्थेत एक गंभीर त्रुटी होती. अनेक कार्यक्रम पूर्ण वर्ज्यतेच्या विचारातून जन्मले असल्यामुळे ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोन घेणाऱ्यांनाही ते बंद करण्यास सांगितले जाई. इंडियाना राज्यातील एका परिचारिकेने याविरुद्ध केंद्र सरकारच्या न्याय विभागाकडे तक्रार केली. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या आधारे ती सावरली होती. परवाना परत मिळवण्यासाठी तिला राज्याच्या साहाय्य कार्यक्रमात भाग घेणे आवश्यक होते आणि तेथे औषध चालू ठेवण्यास परवानगी नव्हती. मार्च २०२२ मध्ये न्याय विभागाने असा निष्कर्ष काढला, की ही अट १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याचा भंग करते. त्याच वर्षी राज्याच्या परिचर्या मंडळाशी तडजोड झाली आणि वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांना कार्यक्रम खुला करण्याचे मान्य करण्यात आले. बेकायदा द्रव्यसेवन चालू असणाऱ्याला हा कायदा त्या सेवनाबाबत संरक्षण देत नाही. परंतु वैध उपचार म्हणजे बेकायदा सेवन नव्हे, हे न्याय विभागाने एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शनात पुन्हा स्पष्ट केले.

मतभेदाची बाजू

औषध चालू ठेवण्यास विरोध करणारे केवळ पूर्वग्रहदूषित आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ मध्ये ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात ब्युप्रेनॉर्फिनमुळे एकाग्रता व निर्णयक्षमतेवर होणाऱ्या संभाव्य परिणामांकडे लक्ष वेधून आरोग्य व्यावसायिकांसाठी वर्ज्यतेवर आधारित उपचारांची शिफारस करण्यात आली. वर्ज्यतेच्या बाजूने आणखी एक भक्कम पुरावा आहे. डॉक्टरांसाठीच्या १६ राज्यांतील कार्यक्रमांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर माहिती उपलब्ध असलेल्या डॉक्टरांपैकी सुमारे ७९ टक्के परवाना टिकवून व्यवसायात असल्याचे त्यात आढळले. या कार्यक्रमांत अफूजन्य पर्यायी औषधांचा वापर क्वचितच होत असे.

तथापि या पुराव्यातून निघणारा अर्थ काळजीपूर्वक पाहावा लागतो. डॉक्टरांना दीर्घ निवासी उपचार परवडतात आणि व्यवसाय गमावण्याची भीती मोठी प्रेरणा देते. कमी वेतनाच्या साहाय्यक परिचारिकेला अथवा विद्यार्थिनीला तशी साधने नसतात. तो अभ्यास दीर्घ देखरेखीचे सामर्थ्य सिद्ध करतो; औषध अपायकारक असल्याचे सिद्ध करत नाही. एकाग्रतेविषयीची शंकाही सरसकट बंदीने सुटत नाही. मात्रा स्थिर झालेल्या व्यक्तीची कार्यक्षमता प्रत्यक्ष तपासता येते. तशीच तपासणी इतर अनेक औषधे घेणाऱ्या कर्मचाऱ्यांबाबतही करता येते. प्रश्न ‘कोणते औषध’ हा नसून ‘काम सुरक्षितपणे होते का’ हा असावयास हवा.

भारतीय संदर्भ

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण सांगते, की भारतात सुमारे २.२६ कोटी व्यक्ती अफूजन्य द्रव्यांचे सेवन करतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाख व्यक्तींना मदतीची गरज आहे. हा प्रश्न त्यामुळे परका राहिलेला नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणाशी वा सेवनाशी संबंधित गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजारात समावेश केला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन उपचारही दिले जातात. महाराष्ट्रात डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसन हा आजार आहे, हा विचार मराठी समाजाच्या परिचयाचा झाला.

मात्र आजार मानणे आणि आजारातून उठलेल्याला वर्गात व रुग्णालयात जागा देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी येतो. प्रवेशासाठी शिफारसपत्र देणारा, वर्गातील अनुपस्थितीचे कारण विचारणारा, प्रात्यक्षिकाच्या ठिकाणी विद्यार्थ्याची हमी घेणारा अध्यापकच असतो. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली माहिती गोपनीय ठेवणे, उपचारांच्या वेळांसाठी वेळापत्रकात सवलत देणे, औषध सोडण्याचा सल्ला न देता तो विषय डॉक्टरांवर सोपविणे आणि रुग्णसुरक्षेला बाधा आणणारे वर्तन दिसल्यास विनाविलंब दखल घेणे, ही चार कर्तव्ये त्याला नव्या कायद्याची वाट न पाहता पार पाडता येतील.

निष्कर्ष

१. शारीरिक अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे. औषधोपचार चालू असतानाही व्यक्ती सावरलेली असू शकते.
२. औषध सक्तीने बंद करविल्यास पुनःसेवनाचा व मृत्यूचा धोका वाढतो.
३. शिक्षेच्या भीतीने व्यसन लपते, तर उपचार व देखरेखीच्या हमीने ते उघड होते. त्यामुळे रुग्णांचे हितही दुसऱ्या मार्गानेच अधिक साधते.
४. रुग्णसुरक्षेचा निकष व्यक्तीचे प्रत्यक्ष वर्तन व कार्यक्षमता हा असावा, तिच्या औषधाचे नाव हा नसावा.
५. प्रवेशापूर्वीच पात्रतेविषयी स्पष्ट निर्णय देणारी यंत्रणा विद्यार्थ्याच्या दृष्टीने न्याय्य आहे.

समारोप

मधुमेही परिचारिकेला ‘इन्सुलिन सोडा, मग कामावर या’ असे कोणी सांगत नाही. तिची साखर आटोक्यात आहे की नाही आणि ती काम नीट करते की नाही, एवढेच पाहिले जाते. अफूजन्य व्यसनातून सावरणाऱ्या व्यक्तीला अधिक कठोर तपासणी द्यावी लागते आणि रुग्णाच्या हितासाठी ती योग्यही आहे. परंतु कठोर तपासणी आणि बंद दार यांत अंतर आहे. वेदनेचा व लाचारीचा अनुभव घेऊन उठलेली व्यक्ती दुसऱ्याच्या खाटेशेजारी उभी राहू पाहते, तेव्हा तिला जगवणारे औषध हीच तिची अपात्रता ठरू नये, हा अमेरिकेतील चार दशकांच्या अनुभवाचा सारांश आहे.